तीन दिवसांचा नियम

दर वर्षी तिसऱ्या वर्षाची मुलं बालरोग विभागात आली, की पहिल्याच तासाला मॅडम म्हणायच्या, "आता जरा पुस्तकं मिटा."

मुलं खुशीने मिटायची. पुढे काय येणार ते त्यांना वरच्या वर्गाकडून आधीच कळलेलं असायचं. डॉक्टर होणं म्हणजे दुसऱ्यांनी शोधलेलं घोकणं नव्हे. आपल्याच वॉर्डात काय घडतंय ते कुणीतरी मोजायला हवं. तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षांचे केसपेपर दोरीने बांधून पडलेत. ते सोडा, वाचा, कसं वाचायचं ते मी शिकवते. एवढं सांगून मॅडम विचारायच्या, "मग, कोण येतंय?" आणि वर्गात असं चिडीचूप व्हायचं, की पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू यावी.

मुलांचंही काही चुकत नव्हतं. परीक्षा मानगुटीवर बसलेल्या आणि संशोधनाला मार्क शून्य. एकदा एका हुशार मुलाने उभं राहून सरळ विचारलं, "मॅडम, हे पेपरात येतं का?" वर्ग हसला, मॅडमही हसल्या. पण घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "बावीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओततेय मी."

नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर. तो वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "घडा सुलटा करून बघितलास का कधी?"

त्या वर्षी मात्र तास संपल्यावर एक मुलगी दारात घुटमळत राहिली. शेवटच्या बाकावर बसणारी, किरकोळ अंगाची. वर्गातली पोरं तिला मुंगी म्हणायची. ती लिहायला हळू, बोलायला हळू. पण एकदा एखाद्या गोष्टीमागे लागली, की मधे भिंत आली तरी वळसा घालून पलीकडे पोहोचणारी. मागल्या वर्षी ती एका विषयात नापास झाली होती.

"मॅडम, नापास झालेलं चालतं का?" तिने विचारलं.

"केसपेपरला काय कळतंय, वाचणारा पास की नापास," मॅडम म्हणाल्या. "उद्या दुपारी ये."

मॅडमनी तिला सोपा विषय दिला. गेल्या आठ वर्षांत दवाखान्यात जन्मलेली दीड किलोच्या आतली बाळं घ्यायची, प्रत्येकाचं जन्माचं वजन लिहायचं आणि ते किती दिवस दवाखान्यात राहिलं ते लिहायचं. बस, एवढंच. हात बसायला बरं.

त्या दवाखान्यात नवजात बाळांची दोन युनिटं होती. एक मॅडमचं, दुसरं त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एका सरांचं. नर्सरी एकच, काचेच्या पेट्या त्याच, सिस्टर त्याच. वार तेवढे वाटून घेतलेले. सोमवार, बुधवार, शुक्रवारी जन्मलेलं बाळ मॅडमचं, मंगळवार, गुरुवार, शनिवारचं सरांचं, रविवार आळीपाळीने. उपचारही सारखेच, एक गोष्ट सोडून. इतक्या लहान बाळाला मॅडम पहिले तीन दिवस तोंडाने काहीही देत नसत, नुसत्या सलाइनवर ठेवत. सर पहिल्या दिवसापासून आईचं दूध बारीक नळीने थेंबथेंब सोडत.

हा नियम मॅडमनी हौसेने केला नव्हता. नोकरीत नवीन असताना एका सव्वा किलोच्या बाळाला त्यांनी पहिल्याच दिवशी दूध दिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं, निळं पडलं, चौथ्या दिवशी ते गेलं. बाळाचा बाप रडला नाही की ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "काय पाजलंत त्याला?" ते शब्द मॅडमच्या कानात जे घुसले, ते पुन्हा निघाले नाहीत. दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो; मॅडमनी तर ताकच बंद केलं. कच्ची आतडी आहेत, तीन दिवस विसावा हवा, असं त्या शिकवू लागल्या आणि शिकवता शिकवता तो नियम होऊन बसला. मुलं त्यांना पाठीमागे 'तीन दिवस मॅडम' म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं. सरांशी कधीमधी वाद व्हायचा. मग, "तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी," असं म्हणून दोघं आपापल्या राउंडला निघून जायचे.

मुंगी रोज दुपारी रेकॉर्ड रूममध्ये जाऊ लागली. तिथले काका तिला आल्याआल्या म्हणायचे, "या, आमच्या धुळीच्या डॉक्टर." तिला शिंका यायच्या, डोळे चोळत ती एकेक गठ्ठा सोडायची. डॉक्टरांचं अक्षर लागेना, तेव्हा तिने नर्सरीतल्या मोठ्या सिस्टरना गाठलं. या सिस्टर एकोणीस वर्षं नर्सरीत होत्या. कुठल्या डॉक्टरची कुठली वेलांटी म्हणजे कुठलं औषध, हे त्यांना तोंडपाठ. त्या मुंगीला शेजारी बसवून शिकवायच्या, आणि मधेच डब्यातलं काहीबाही तिच्या हातावर ठेवायच्या. "खा गं. तुझंच वजन मोजायची पाळी यायची एखाद्या दिवशी."

मॅडम आणि सिस्टर यांचं नातं नोकरीपलीकडचं होतं. एकीने हात पुढे केला, की दुसरीने न मागता कात्री ठेवावी, असं. सिस्टर मॅडमना देव मानायच्या म्हटलं तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी सिस्टरच्या लेकीला सातव्या महिन्यात ब्लडप्रेशर वाढलं, ऑपरेशन करावं लागलं, आणि झालेला मुलगा नवव्या दिवशी याच नर्सरीत गेला. तेव्हा मॅडम सकाळपासून त्या पेटीशेजारून हलल्या नव्हत्या. सिस्टर ते विसरल्या नव्हत्या. लेकीला त्यानंतर मूल झालं नव्हतं. नातू गेल्यावर सिस्टर आठव्या दिवशी कामावर आल्या आणि पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

सहा महिने गेले. मुंगी दर सोमवारी कागद दाखवायला यायची. मॅडमना तिची ओढ लागली होती. तिने तक्ता काढला, की त्यात चुका काढायच्या, पुन्हा काढायला लावायचा, आणि ती गेल्यावर घरी नवऱ्याला कौतुक सांगायचं. आणि मग एका सोमवारी ती आली नाही. पुढच्याही सोमवारी नाही. मॅडमनी निरोप पाठवला, तेव्हा ती आली आणि दारातच उभी राहिली.

"आजारी होतीस?"

"नाही."

"मग? काम सोडलंस?"

तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि हात असा मागे घेतला, की जणू कागद तापलेला असावा. "मॅडम, तुम्ही सांगितलं नव्हतं ते मी केलंय. कोणतं बाळ कोणत्या वाराचं, तेही लिहीत होते. म्हणजे, सहज. रकाना रिकामा होता म्हणून."

मॅडमनी चष्मा लावला. कागदावर चारच ओळी होत्या. मॅडमच्या युनिटची बाळं तीनशे दोन, त्यातली गेली पंचाण्णव. सरांच्या युनिटची दोनशे अठ्ठ्याऐंशी, त्यातली गेली सहासष्ट. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: फरक मुख्यतः पाचव्या ते बाराव्या दिवसातला. कारण रक्तातले जंतू. सलाइनचे दिवस, सरासरी नऊ आणि पाच.

मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"माझ्याकडे जास्त नाजूक बाळं येत असतील," त्या म्हणाल्या.

"वजनं बघितली मॅडम. सारखीच आहेत. आणि वाराप्रमाणे येतात ना, म्हणजे..."

"पहिल्या दिवशीच दगावलेली धरलीस का यात? त्यांचा दुधाशी काय संबंध?"

"ती दोन्हीकडे सारखी आहेत. ती काढली तर फरक कमी नाही होत, वाढतो."

"तू कितव्या वर्षाला आहेस गं?" मॅडमचा आवाज एकदम चढला. "सहा महिने कागद चिवडलेस आणि बावीस वर्षांचं काम मोडीत काढायला निघालीस? साधी बेरीज करताना तीनदा चुकतेस तू. सांगितलं होतं काय, केलंस काय! जा. अभ्यास कर. पुन्हा नापास झालीस तर मला दोष देऊ नकोस."

मुंगीने मान खाली घातली. ती गेली. कागद टेबलावरच राहिला.

मॅडमनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि राउंडला गेल्या. राउंडवर एका पेटीपुढे त्या थांबल्या. आदल्या दिवशी जन्मलेली मुलगी होती, अकराशे ग्रॅमची. झोपेत तिचं तोंड चोखल्यासारखं हलत होतं. शिकाऊ डॉक्टरने नेहमीप्रमाणे वाचलं, "तोंडाने काही नाही, दिवस दुसरा." एरवी मॅडम "बरोबर" म्हणायच्या; आज त्या नुसत्या मान हलवून पुढे गेल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे, मुलीने कसा आगाऊपणा केला ते सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण भाजीत मीठ जास्त झालं, तर तू आधी मीठ खारट म्हणतेस, मग ताट, मग माझी जीभ. शेवटी भाजी चाखतेस. तेवढी भाजी आधी चाख."

मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता त्या स्वतः रेकॉर्ड रूममध्ये उतरल्या. काका खुर्चीवरून ताडकन उठले. बावीस वर्षांत त्या तिथे पहिल्यांदाच येत होत्या. दर वर्षी ज्या गठ्ठ्यांविषयी त्या भरभरून बोलायच्या, ते त्यांनी आजवर पाहिलेही नव्हते.

"काय काढून देऊ, मॅडम?"

"सगळं," मॅडम म्हणाल्या.

पाच आठवडे त्या रोज दुपारी खाली बसल्या. सुरुवातीला त्या मुंगीची चूक शोधत होत्या, हे खोटं कशाला बोला. एखादं बाळ दोनदा मोजलं असेल, एखादा वार चुकला असेल. शोधता शोधता चूक सापडलीही. मॅडमच्या युनिटची दोन बाळं मुंगीने 'घरी गेली' या रकान्यात लिहिली होती. मॅडमनी त्यांचे केसपेपर उलटून बघितले. मागे लिहिलं होतं: आशा नाही, नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत. दोन्ही बाळं. म्हणजे पंचाण्णव नव्हेत, सत्त्याण्णव. पोरीने चूक केली होती ती मॅडमच्याच बाजूने.

त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. सरांकडे शंभरात तेवीस गेली होती, त्यांच्याकडे बत्तीस. सरांच्यासारखं दूध दिलं असतं, तर सत्त्याण्णवऐवजी एकोणसत्तर गेली असती. अठ्ठावीसचा फरक. दूध तीन दिवस उशिरा सुरू झालं, की ते पुरेसं पचेपर्यंत सलाइनही लांबायचं. हा फरक त्या नऊ दिवसांच्या सलाइनने केला होता; जितके दिवस सुई शिरेत, तितके दिवस जंतूंना दार उघडं. मॅडमनी ते अठ्ठावीस कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं आणि काकांना विचारलं, "आठ वर्षांच्या आधीचे कुठे आहेत?"

"ते कुठले, मॅडम. पाणी शिरलं होतं ना मागे. लगदा झाला सगळ्याचा."

नियम बावीस वर्षांचा होता. बाकीच्या चौदा वर्षांतली किती, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

पाचव्या आठवड्यात त्यांच्या हाती तो केसपेपर आला. सिस्टरच्या नातवाचा. नाव पडलेलंच नव्हतं. लेकीच्या नावापुढे 'चे बाळ' एवढंच. वजन एक किलो एकशे ऐंशी. पहिल्या पानावर मॅडमचंच ठसठशीत अक्षर: 'तोंडाने काही देऊ नये.' खाली सही. पुढच्या पानावर सिस्टरांच्या नोंदी. सिस्टर त्या दिवसांत सुट्टी घेऊन लेकीपाशी बसू शकल्या असत्या, पण त्यांनी ड्यूटी लावून घेतली होती, नातवाजवळ राहता यावं म्हणून. पहिल्या दिवशी लिहिलं होतं: 'आईचे दूध ५ मिली काढून फ्रिजमध्ये ठेवले आहे. मॅडमना विचारले.' दुसऱ्या दिवशी: 'आईचे दूध २० मिली उपलब्ध. मॅडमना विचारले.' तिसऱ्या दिवशी: '३५ मिली. विचारले.' चौथ्या दिवशी दूध सुरू केल्याची नोंद होती, आणि सहाव्या दिवशी ताप.

मॅडमनी तो कागद किती वेळ धरला होता कोण जाणे. काकांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले.

त्याच दिवशी मॅडम सरांच्या खोलीत गेल्या आणि सगळे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना वाटलं होतं, सर म्हणतील, मी सांगत नव्हतो का? तसं म्हणाले असते तर एकपरी सोपं गेलं असतं. सर बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "मला वाटत होतं माझं बरोबर आहे. नुसतं वाटत होतं. मीही कधी मोजलं नाही, मॅडम. मोजलं असतं तर तुम्हाला दाखवता आलं असतं."

त्या संध्याकाळपासून तीन दिवसांचा नियम बंद झाला. मॅडमनी स्वतः नर्सरीत उभं राहून सांगितलं. सिस्टर तेव्हा ड्यूटीवर होत्या. त्यांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि मॅडमकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम त्यांना शोधत कपड्यांच्या खोलीत गेल्या. सिस्टर बाळांची धुतलेली टोपडी घड्या घालून रचत होत्या.

"सिस्टर, दोन मिनिटं बसता?"

"तुम्ही बसा मॅडम. चेहरा बघा कसा झालाय. पाणी देऊ?"

"नको." मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी घरून वाक्यं जुळवून आणली होती, पण ऐन वेळी त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी सरळ सांगून टाकलं. मुंगीने काय शोधलं, आपण काय मोजलं, आकडे काय निघाले. सिस्टर टोपडं हातात धरून ऐकत होत्या.

"म्हणजे," सिस्टर शेवटी म्हणाल्या, "आमचा?"

"एकेका बाळाचं नक्की कुणालाच सांगता येत नाही, सिस्टर. दूध दिलं असतं तरी कदाचित गेला असता. पण वाचायची संधी जास्त होती. ती मी कमी केली."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. तीनदा. लिहिलंयत तुम्ही."

"दूध हातात होतं माझ्या. नळी घालता येत होती मला. तुमच्याहून चांगली घालते मी." सिस्टरांचा आवाज अजून चढला नव्हता, आणि त्याचीच मॅडमना भीती वाटत होती. "पण म्हटलं, मॅडम म्हणतात ना. मॅडमना कळतं."

"माझं चुकलं, सिस्टर."

सिस्टरांनी टोपडं खाली ठेवलं. "तुम्हाला एक सांगते. कुणालाच सांगितलेलं नाही हे. लेकीला मंगळवारी भरती केलं होतं. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, आज संध्याकाळी करू किंवा उद्या सकाळी, दोन्ही चालेल. लेक म्हणत होती, आजच करा, मला सहन होत नाही. मी म्हटलं, उद्या करू. उद्या बुधवार आहे. उद्या आमच्या मॅडमचं युनिट आहे." त्या थांबल्या. "हातापाया पडून बुधवार मागून घेतला मी."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तिचं एक चाक अडकत होतं.

"मी लेकीशी बोलू का?" मॅडमनी विचारलं. "तिला कळायला हवं. माझ्या तोंडून."

"नको." सिस्टर पहिल्यांदाच मॅडमवर ओरडल्या. "काय सांगाल तिला? की मॅडमचा नियम चुकला? आणि ती विचारेल, बुधवार कुणी निवडला? तिचं ती आणि माझं मी. तुम्ही मधे पडू नका."

मग त्यांनी डोळे पुसले, टोपड्यांची चळत उचलली आणि नर्सरीत गेल्या. दोन वाजताच्या दुधाची वेळ झाली होती.

मॅडमनी मुंगीला बोलावलं तेव्हा ती भीत भीत आली. मॅडमनी तिच्यापुढे कागद ठेवला. "तुझी दोन बाळं चुकली आहेत. अठ्ठावीसचा फरक आहे."

मुंगीने आकडे तपासले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटत होतं, माझंच चुकलेलं असावं. रोज वाटायचं, मॅडमना माझी चूक सापडू दे."

"मलाही तेच वाटत होतं," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी तुला बोलले, ते बोलायला नको होतं. त्याची मला लाज वाटते. आता हे कॉलेजच्या सभेत मांडायचं. तू मांडायचंस."

"मी? मॅडम, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"मग पाठ कर. पण काम तुझं आहे. मी मांडलं तर लोक माझ्या मनाच्या मोठेपणावर बोलतील, आकड्यांवर कुणी बोलणार नाही."

सभेला सगळे विभाग होते. मुंगीचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नव्हता. पडद्यावर तिने युनिटांना नावं दिली नव्हती. 'पहिलं' आणि 'दुसरं' एवढंच. शेवटी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी भुवया उंचावून विचारलं, "हे पहिलं युनिट कुणाचं म्हणायचं?" मॅडम जागेवरून उठल्या.

"माझं," त्या म्हणाल्या. "एका बाळाच्या मरणावरून मी नियम केला होता. तो बावीस वर्षं पाळला आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांना शिकवला. तुम्ही जिथे गेलात तिथे तो घेऊन गेला असाल. तो सोडून द्या, एवढं सांगायला उभी राहिले."

अधिष्ठाता नंतर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे चार भिंतींत मिटलं असतं. आपलीच अब्रू आपण चव्हाट्यावर का मांडायची?" मांडून मोकळं वाटेल असं मॅडमना कुठेतरी वाटत होतं. तसं काही झालं नाही.

पुढच्या महिन्यात सिस्टरनी बदलीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'. सही मॅडमचीच लागत होती. सिस्टर अर्ज घेऊन आल्या तेव्हा मॅडमनी विचारलं, "थांबणार नाही?"

"राग म्हणून नाही जात, मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "राग आहे. पण त्याच्यासाठी नाही. फ्रिज उघडला, की हात थांबतो माझा. बाळांच्या कामात हात थांबून चालत नाही."

मॅडमनी सही केली. सिस्टर डोळ्यांच्या वॉर्डात गेल्या. तिथे सगळी म्हातारी माणसं. डोळ्यात थेंब टाकायचे, पट्टी बदलायची, घरी पाठवायचं. लेकीला त्यांनी काही सांगितलं की नाही, ते मॅडमना कधीच कळलं नाही. जिन्यावर दोघी समोरासमोर आल्या, तर सिस्टर म्हणायच्या, "बऱ्या आहात ना, मॅडम?" आणि उत्तराची वाट न बघता वर जायच्या.

पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मॅडमनी नेहमीचं भाषण केलं नाही. फळ्यावर आकडे लिहिले आणि आपली गोष्ट सांगितली, सिस्टरची सोडून. तास संपल्यावर सात मुलं आली. मॅडमनी त्यांची नावं लिहून घेतली, पण मॅडमचा चेहरा काही खुलला नाही. मुलांना वाटलं, आपलं काही चुकलं का.

दोन वर्षांत त्या मुलांनी बरंच काही मोजलं. एकाने सुया किती तासांनी बदलतात ते पाहिलं, दोघींनी मिळून डॉक्टर हात धुतात की नुसते ओले करतात ते. मॅडमच्या युनिटमध्ये शंभरात बत्तीस जात होती, ती चोवीसवर आली. मुंगीचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला, तिसऱ्याने छापला. तिने लेखावर मॅडमचं नाव आधी टाकलं होतं, मॅडमनी ते खोडून शेवटी टाकलं. मुंगी पासही झाली, काठावर.

शिक्षण संपवून जायच्या दिवशी ती मॅडमना भेटायला आली. खोलीत खोकी भरलेली होती. मॅडमच्या निवृत्तीलाही चारच दिवस उरले होते.

"मॅडम, एक विचारू? तो रकाना मी भरलाच नसता तर?"

मॅडम पुस्तकं खोक्यात रचत होत्या. त्या थांबल्या. "तर परवाच्या निरोप समारंभात लोक माझ्याविषयी भरभरून बोलले असते, आणि मी ते सगळं खरं मानून घरी गेले असते."

"तुम्हाला वाईट वाटतं का? मला घेतल्याचं?"

"तुला घेतल्याचं नाही गं. तुझ्याआधी एकवीस वर्षं मी मुलांना सांगत राहिले, की खाली जा, कागद उघडा. कुणी गेलं नाही म्हणून त्यांच्यावर चिडत राहिले. खाली जायला मला कुणी अडवलं होतं?"

मुंगीने वाकून एक पुस्तक उचललं आणि खोक्यात ठेवलं. मग दुसरं. दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं, खोकी दोरीने बांधली. तेवढ्यात नर्सरीतून फोन आला, नऊशे ग्रॅमचं बाळ आलंय. मॅडमनी ऐकून घेतलं, आईची तब्येत कशी आहे ते विचारलं आणि म्हणाल्या, "आईकडून दूध काढून घ्या. दोन थेंब निघाले तरी चालतील. मी येतेच."